लिमबाईंची खीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर मुळीच नाही, कारण ज्यांना मी फसवलं त्या त्याच्या आई.

२००६च्या हिवाळ्यात आम्हाला मुलगी झाली आणि सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून इंग्लंडला, कॉव्हेंट्रीला आल्या. पक्क्या शाकाहारी. कुणी अंड्याचा केक आणला तर दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. शेजारी लिमबाई राहायच्या, मलेशियातल्या चिनी, साठीच्या. मी घरी आले तशा त्या दिवसाआड झाकणाचा वाडगा घेऊन यायला लागल्या. आत कोमट, गोड, पारदर्शक काहीतरी. पाकोळ्यांचं घरटं, त्यांनी सांगितलं. पक्षी ते स्वतःच्या लाळेने बांधतात. भिजवायचं, चिमट्याने एकेक पीस वेचून काढायचं, मग खडीसाखर घालून वाफवायचं. त्यांचा भाऊ तिकडून पाठवायचा. बाळंतिणीला ताकद येते म्हणे, कांती उजळते.

लाळ—? माझ्या घशाखाली उतरेना. पण इतक्या मायेने दिलेलं टाकायचं तरी कसं?

सासूबाईंनी वाडग्यात डोकावून पाहिलं. "हे काय गं?"

"चायना ग्रासची खीर," मी म्हणाले.

पहिल्या दिवशी सुचलं ते बोलले, असं म्हणता आलं असतं. पण मग "खाऊन तर बघा" असा आग्रह कुणी केला? मीच. त्यांनी एक चमचा चाखला. मग दुसरा. महिनाभर एकही वाडगा उरला नाही. दुपारी खिडकीपाशी बसून, डोळे मिटून त्या खायच्या. गुडघे हलके झाले म्हणायच्या. गालही तुकतुकीत दिसायला लागले—की मलाच तसं वाटायचं? मी वाडगा धुऊन परत द्यायचे आणि लिमबाई माझा चेहरा निरखून म्हणायच्या, फरक दिसतोय हं.

बारशाला लिमबाई आल्या. सासूबाईंनी मला बाजूला ओढलं. "त्यांना विचार ना, खीर कशी करतात."

मी लिमबाईंना इंग्रजीत सांगितलं, सुनेची एवढी काळजी घेतलीत म्हणून आई तुमचे आभार मानतायत. लिमबाईंचे डोळे भरून आले. सासूबाईंचे हात हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या—घरट्याबद्दल, पिसांबद्दल, भावाबद्दल.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, चायना ग्रास रात्रभर भिजवायचं."

सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली आणि लिमबाईंची ओटी भरली. पाळण्याशेजारी दोघी हसत उभ्या आहेत, असा फोटो आहे आमच्याकडे. इतका आनंदी फोटो घरात दुसरा नाही.

आणि मी? मला अपराधी वाटत होतं असं लिहिलं, तर तेही खोटंच होईल. मला मजा येत होती. दोघींच्या मध्ये उभी राहून मी दोघींना फसवत होते, आणि हसू पोटात मावत नव्हतं. घरटं शाकाहारी की मांसाहारी, या वादात मी शिरत नाही. कळलं असतं तर सासूबाईंनी ते ओठांना लावलं नसतं—एवढं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता त्या ऐंशीच्या पुढे आहेत. आळीत कुणी बाळंत झालं की हौसेने चायना ग्रासची खीर करून नेतात आणि फोनवर हळहळतात, लिमबाईंसारखी काही जमत नाही बघ.

पाण्याचा फरक असेल, मी म्हणते. गेल्या रविवारीही म्हणाले.