हेल्मेटचे पट्टे आणि तिसरं स्थळ

शारजातल्या आमच्या खोलीत आम्ही आठ जण राहतो आणि आठांची सलूनं आठ आहेत. प्रत्येकाला वाटतं, खरा कारागीर आपल्यालाच सापडलाय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जो तो डोक्याबरोबर एक किस्साही घेऊन परततो. गावी गेलो की लोक आता पगाराआधी हे किस्सेच विचारतात!

*

नाना आमच्यातले सर्वांत जुने, फोरमन. त्यांचा नियम सोपा. खुर्चीत बसण्याआधी विचारायचं, जमेल ना? समोरचा "हो" म्हणाला तर बसायचं, "इन्शाल्ला", म्हणजे देवाच्या मनात असेल तर, असं म्हणाला तर उठायचं. वीस वर्षांत त्यांचा भांग हललेला नाही.

*

मी एकदा न विचारताच बसलो. कारागीर तुर्की. त्याला हिंदी येईना, मला तुर्की सोडाच, अरबीही धड येईना. तो काहीतरी विचारायचा, मी मान डोलवायचो. तिसऱ्यांदा मान डोलवली आणि त्याने पेटता बोळा माझ्या कानांवरून फिरवला! कानावरचे केस असे जाळतात, हे मला मागाहून कळलं. तोवर मी गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर पोचलो होतो.

*

संतोष क्रेन चालवतो आणि त्याचा मोबाइलवर फार भरवसा. अल नहदातल्या एका सलूनला भरपूर तारे मिळालेले बघून त्याने ऑनलाइन बुकिंग केलं आणि आमच्यासमोर मिरवत गेला. दाराला जाड पडदा होता. तो सरकवणार तोच आतून बाई म्हणाली, "भैया, लेडीज ओन्ली है." संतोषने मोबाइल पुढे धरला. "मॅडम, अपॉइंटमेंट कन्फर्म है." शेवटी वॉचमन त्याला लिफ्टपर्यंत सोडून आला. संतोषने खोलीवर येऊन त्या सलूनला एक तारा दिला. कारण लिहिलं, सर्व्हिस मिळाली नाही!

*

पण सुधाकरचं प्रकरण गंभीर होतं. हा गुहागरकडचा, कामाला इमारतींच्या स्कॅफोल्डिंगवर. उन्हाने चेहरा रापलेला आणि हेल्मेटचा पट्टा बसतो तिथे दोन्ही गालांवर गोऱ्या रेघा. दोन स्थळांनी त्याला व्हिडिओ कॉलवर पाहून नकार कळवला होता. तिसरं स्थळ रविवारी बघणार होतं. मुलीचं नाव मानसी. बायोडेटात "स्वतःचा व्यवसाय" एवढंच होतं, आम्ही शिवणकाम धरून चाललो. या वेळी सुध्या हसत नव्हता. म्हणाला, "आता नाही जमलं, तर आईला सांगणार, बस झालं. पुन्हा बघू नको."

मग आम्हीच डोकी लावून सलून निवडलं, फोन करून वेळ घेतली. नाना नेमके ड्युटीवर होते. पट्टे जातील का विचारल्यावर कारागीर म्हणाला, "इन्शाल्ला." आम्ही तरीही सुध्याला बसवलं! कारागिराने तोंडभर ब्लीच थापलं आणि फोनवर बोलत बसला. आठवडाभराच्या कामाने दमलेला सुध्या खुर्चीतच घोरायला लागला. उठला तेव्हा तोंड लालबुंद झालं होतं आणि पट्टे पहिल्यापेक्षा ठळक दिसत होते.

रविवारी कॉल लागला. आम्ही सात जण कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून उभे होतो. मानसी स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि बघत राहिली. मग म्हणाली, "ब्लीच किती वेळ ठेवलं होतं?"

सुध्याने खरं ते सांगून टाकलं. झोप लागली होती.

"अगं, पार्लरातलं काय विचारतेस?" मागून तिची आई पुटपुटली. म्हणजे तिचा व्यवसाय शिवणकामाचा नव्हता, पार्लरचा होता!

मानसीने तिकडे लक्षच दिलं नाही. "गालांवरचे पट्टे हेल्मेटचे ना?"

"हो."

"ते राहू देत. पण यापुढे तोंडाला काहीही लावायच्या आधी मला फोन करायचा. कराल?"

सुध्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "इन्शाल्ला."

नाना भिंत सोडून थेट कॅमेऱ्यात घुसले. "मेल्या, हो म्हण!"