टपरीपर्यंत जाणारं वायफाय

वायफायवर मला पहिल्या दिवसापासून शक होता. हे आधीच सांगून टाकतो, न्हाईतर तुम्ही म्हणाल, मास्तर मागाहून शहाणपण शिकवायलाय. शहाणपण कशाचं आलंय! नुसता शक होता, आणि तो मी दूधभात घालून पोसला होता.

लातूरच्या एका क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिकांचं काम बघायचो. अकरावी-बारावीची पोरं कुठून कुठून यायची, गल्लीगल्लीत मेस आणि अभ्यासिका झाल्या होत्या आणि दर रविवारी टेस्ट असायची. तो पेपर टाइप करायचा, तपासायचा, छापायचा आणि कपाटात कुलपात ठेवायचा, हे माझ्याकडं. त्याआधी मी औशाकडच्या एका खेड्यात शाळेवर होतो. भूकंपात आमच्या शाळेची जी भिंत सगळ्यात भक्कम म्हणायचे, तीच आधी बसली. पोरं शाळेत नव्हती म्हणून वाचली. तेव्हापासून कशावरही भरवसा ठेवा म्हटलं की मी ते आधी ठोकून बघतो. बायको म्हणायची, "तुम्ही तर रिक्षात बसायच्या आधी टायरला लाथ मारून बघता." मारायचोच. चुकलं काय त्यात?

माझ्या खोलीत एक जुना कम्प्युटर होता, विंडोज एक्सपीवर चालणारा. चालू व्हायला चहा पिऊन होईपर्यंत वेळ घ्यायचा, पण एकदा उठला की नेकीनं काम करायचा. मराठी फॉन्ट त्याच्यात बसलेला, वर्गमुळाचं चिन्ह कुठल्या बटनावर आणि अंशाचं कुठल्या, हे माझ्या बोटांना पाठ. त्याला इंटरनेटची वायर कधी लागलीच नव्हती. पेपर त्याच्यात जन्मायचा आणि प्रिंटरमधून माझ्या हातात यायचा. मधे कुणी न्हाई.

मग मॅडम आल्या. मूळच्या नांदेडच्या. नवऱ्याचं विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान. मुलगी बारावीला, तिला लातूरला शिकवायचं म्हणून मॅडमनी आमच्याकडं ऑपरेटरची नोकरी धरली आणि मायलेकी एका खोलीत राहायला लागल्या. स्टाफच्या मुलांना आमच्याकडं क्लास फुकट होता. म्हणजे नोकरी आईची, पण तिच्यावर सगळं वर्ष टेकलेलं लेकीचं. हे सगळ्या स्टाफला माहीत होतं, मलाही होतं.

आल्या आल्या मॅडम म्हणाल्या, "सर, एक्सपीला आता कंपनी अपडेट देणार नाही. व्हायरस घुसला तर इलाज नाही. सेव्हन टाकून घेऊ."

"जे कधी उंबऱ्याबाहेर जातच न्हाई, त्याला सर्दी कशी व्हायची, मॅडम?"

"तुमचा पेन ड्राइव्ह जातो की बाहेर. दहा मशीनला लावता तुम्ही तो."

मला राग आला, कारण ते खरं होतं.

क्लासच्या मालकांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांनी मॅडमचं ऐकलं. सेव्हनवालं नवं मशीन आलं आणि दरवाजाच्या वर एक पांढरा डबा ठोकला, हिरवे दिवे लुकलुकणारा. आता सगळे सर आपापल्या लॅपटॉपवरून प्रश्न थेट मॅडमच्या मशीनला पाठवणार, वायर न लावता. माझी जुनी फाइल त्या नव्या मशीनवर उघडली तर निम्मे प्रश्न चौकोन चौकोन होऊन बसले. मी खूश! म्हटलं, "बघा, घ्या तुमचं सेव्हन." मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. चार दिवस खाली मान घालून एकेक चिन्ह परत बसवत राहिल्या. तरी मी हटून बसलो, की कच्चे प्रश्न तुमच्याकडं जमा करा, पण पक्का पेपर माझ्या एक्सपीवरच होईल. मोठे सर वैतागून म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं."

पण माझं डोकं त्या डब्यातच अडकलं. पोरानं मला एक स्मार्टफोन घेऊन दिला होता, व्हॉट्सअॅपही त्यानंच बसवलेलं आणि स्टाफच्या ग्रुपात माझा नंबर गेलेला. नेट मी कायम बंद ठेवायचो. नुसतं डब्याचं नाव फोनवर दिसतंय का आणि रेंजच्या काड्या किती येतात, एवढं बघत मी जिना उतरलो. जिन्यात चार काड्या. गेटवर तीन. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर गेलो, तर तिथं पण दोन! टपरीवर कोण बसतंय? आमचीच पोरं.

"पासवर्ड असतोय, सर," मॅडम हसून म्हणाल्या.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या सरांना. आणि मला."

त्या 'मला' वर मी मनातल्या मनात खूण करून ठेवली. दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले की मी गुपचूप डब्याचा प्लग काढायचो. विचारलं की, "लाइटचा काय भरवसा, बाई!" मॅडम आल्या की मी माझ्या स्क्रीनवर टॉवेल टाकायचो. हो, टॉवेल. आज लिहिताना लाज वाटायलीय, पण टाकायचो.

दिवाळीनंतर मोठी टेस्ट होती. तिच्यावरून स्पेशल बॅचची निवड व्हायची. पेपर तपासताना भौतिकच्या सरांनी मला चौदावा प्रश्न दाखवला. पंधरा-सोळा पोरांनी त्याचं उत्तर सारखंच चुकवलं होतं. वेग साठ दिलेला, आणि या पोरांचं उत्तर वेग चाळीस धरून काढलेलं! चाळीस हा आकडा कच्च्या प्रश्नात होता. छापायच्या आदल्या दिवशी तो मीच बदलून साठ केला होता. म्हणजे कच्चा पेपर बाहेर गेला होता. आणि त्या पंधरा-सोळांत मॅडमची मुलगी होती.

मोठ्या सरांनी सगळा स्टाफ बोलावला. मी उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटत होतं. माझं कुणी ऐकत नव्हतं ना? आता ऐका म्हणावं! मी म्हणालो, "चाळीस आकडा त्या नव्या मशीनमध्ये होता. ते मशीन हवेत उघडं. माझ्या मशीनला तर वायरसुद्धा न्हाई." मग जरा थांबलो आणि म्हणालो, "आणि मॅडमची मुलगी बारावीलाच आहे ना?"

एवढंच. आरोप म्हणून मी काहीच केला न्हाई, नुसतं विचारलं. मास्तर लोकांना असं विचारायची सवयच असते.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "मी माझ्या लेकीला पेपर देईन, सर?" त्या मोठ्या सरांकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी कपाटाच्या किल्ल्यांशी चाळा करत बसलो. त्यांच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "मला मैत्रिणीनं सराव म्हणून प्रश्न सांगितले होते, मला काय माहीत टेस्टचे आहेत म्हणून?" मैत्रीण कोण, ते सांगायला तयार न्हाई. मग काय, मॅडमची नोकरी गेली, लेकीचा क्लासही! त्या आठवड्यात मायलेकी सामान बांधून नांदेडला परत गेल्या. बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर. पांढरा डबा उतरवला. मोठ्या सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी घरी जाताना पेढे नेले.

गेटशेजारच्या अभ्यासिकेत पावसाळ्यात माझी छत्री राहिली होती, ती आणायला पुढं पंधरा दिवसांनी गेलो. नायगावकडची एक मुलगी खिडकीशी गणितं सोडवत होती. तिच्या पुढ्यातली वही बघून मी थबकलो. वही माझीच होती.

माझी एक खोड सांगायची राहिली. भूकंपानंतर आम्ही ताडपत्रीखाली शाळा भरवायचो तेव्हा पोरांकडं पाटी-वही काही नव्हतं. मी कचेरीतून रद्द झालेले फॉर्म आणायचो आणि पाठकोऱ्या बाजूवर पोरं लिहायची. तेव्हापासून एका बाजूनं कोरा कागद मला टाकवत न्हाई. क्लासमध्येही मी पाठकोरे कागद जमवायचो, पिना मारून वह्या करायचो आणि गरिबाघरच्या पोरांना वाटायचो. लई अभिमान होता मला त्याचा. पेपराची पक्की प्रत उरली तर मी ती जाळायचो, राखसुद्धा चुरगाळायचो. पण तपासणीच्या कच्च्या प्रती? चूक सापडली की मी त्या पानावर लाल पेनानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायचो. फुली मारली की माझ्या लेखी तो कागद मेला. तीस वर्षं मास्तरकी केलेली. लाल फुली मारलेलं कुणी वाचतं का?

"बेटा, जरा बघू," म्हणून मी वही उलटी केली. लाल फुली होती. फुलीच्या खाली सगळे प्रश्न स्वच्छ वाचता येत होते. चौदाव्यात वेग चाळीस, त्याला मीच केलेला गोल आणि बाजूला माझ्या अक्षरात साठ. माझ्या बिनवायरच्या एक्सपीवरून निघालेला कागद, माझ्या हातानं पिन मारलेला.

ती मुलगी रडायला लागली. "सर, मला वाटलं तुम्ही सरावाला दिलेत. छापलेले तसेच मी सगळ्यांना सांगितले. मॅडमच्या मुलीला पण. ती माझं नाव सांगणार न्हाई म्हणाली, कारण माझ्या घरचे मला परत नेतील."

मी तिथंच बाकावर बसलो. माझ्यामुळं एका घराचं वाटोळं झालं होतं, आणि मी त्यावर पेढे खाल्ले होते.

मोठ्या सरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "झालं ते झालं, मास्तर. पालकांना पटलंय की दोष मशीनचा आणि ऑपरेटरचा होता. आता उगी उकरू नका." मी दुसऱ्या दिवशी सकाळची नांदेडची एसटी धरली. वाटेत मनात शब्द जुळवत होतो आणि लोहा येईस्तोवर सगळे विसरलो होतो.

विष्णुपुरीच्या दुकानात मॅडम एका पोराचा प्रोजेक्ट टाइप करत होत्या. मागच्या बाजूला मुलगी कम्प्युटरवर कुणा सरांचं लेक्चर बघत, कानात वायरी घालून बसली होती. क्लास सुटला, तर आता तेवढाच आधार. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फुली, वही, नायगावची पोर, चाळीस, साठ. टॉवेलचंसुद्धा सांगितलं. शेवटी हात जोडले. "मॅडम, माझं चुकलं. मी तुमचा गुन्हेगार आहे."

त्यांनी पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "सर, हे तुम्ही इथं येऊन मला सांगितलं. तिथं सगळ्यांसमोर सांगितलं का?"

मी पाण्याचा पेला काउंटरवर ठेवला.

"तिथं बोललात सगळ्यांसमोर. माफी मात्र बंद दुकानात?"

दुकान उघडं होतं, पण त्यांचं म्हणणं मला कळलं. मी म्हणालो, "काय करू, सांगा."

"स्टाफचा ग्रुप आहे तुमच्या फोनवर. त्यावर लिहा."

"माझ्याकडं नेट न्हाई. मी कधी चालूच केलं न्हाई."

मॅडमनी माझ्या फोनसाठी हात पुढं केला. दुकानाचं वायफाय शोधलं, फोन परत माझ्या हातात दिला आणि पासवर्ड एकेक अक्षर करून मोठ्यानं सांगितला. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तरी सांगितला. ज्या माणसानं त्यांना चोर ठरवलं त्या माणसाला! मी चुकत चुकत टाइप केला.

जोडलं गेलं आणि फोन हातात थडथडायला लागला. ग्रुपवरचे साठलेले निरोप एकामागून एक येऊन पडायला लागले. मी ते कधी वाचलेच नव्हते. 'मास्तरांनी बरोबर पकडलं.' 'आई ऑपरेटर, लेक टॉपर.' कुणी हसायची चित्रं टाकलेली. कुणी त्या पोरीचं पूर्ण नाव लिहून विचारलेलं, की आता मेडिकलचा पेपर पण आईच आणून देणार का? मोठी शिकलेली माणसं, रोज माझ्याबरोबर डबा खाणारी. खाली दिसलं, की मॅडमना ग्रुपमधून काढलं ते हे सगळं येऊन गेल्यावर चार दिवसांनी. म्हणजे त्यांनी यातलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

माझे डोळे भरून आले. चष्मा पुसला आणि लिहायला बसलो. मला टाइप करायला कधी वेळ लागत न्हाई, त्या दिवशी तासभर लागला. कच्च्या प्रती माझ्या, वह्या माझ्या, मशीनचा दोष न्हाई, मॅडमचा न्हाई, त्यांच्या मुलीचा तर अजिबात न्हाई. नायगावच्या पोरीचा उल्लेख मी टाळला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

मुलीनं कानातल्या वायरी कधी काढल्या होत्या कोण जाणे. ती उठून माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. "सर," ती म्हणाली, "'त्यांची मुलगी' असं नका लिहू. सगळ्यांनी माझं नाव घेऊन लिहिलंय. तुम्ही पण नाव घेऊन लिहा."

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेतलं न्हाई, आणि घेणारही न्हाई. पण त्या दिवशी तिथं घेतलं. आधी तिचं, मग तिच्या आईचं, आडनावासकट, आणि खाली माझं. मग ती माझ्या खांद्यावरून बघत असतानाच मी ते पाठवलं.