भागाबाईचा हात

तामसी गावात लेकराचं पोट दुखलं की आधी भागाबाईचं दार वाजायचं, दवाखाना मागून. बेंबी सरकली म्हणायची आणि उपाशीपोटी कोमट एरंडेलाचा हात फिरवून ती जागेवर आणायची, हे तिचं काम. पैसे घ्यायची नाही. पण तिच्या मळ्यातल्या वांग्यांना कोणी किडकं म्हटलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. अशी बाई!

मग तिच्याच नातीचं, चार वर्षांच्या तेजूचं पोट फुगलं. सून प्रणिता म्हणाली, आदिलाबादला दाखवून येऊ. भागाबाईला राग आला. गावाची लेकरं माझ्या हातानं बरी होतात आणि माझी नात डॉक्टरकडं? तिनं पोरीला चटईवर निजवलं आणि चोळलं.

दुसऱ्या दिवशी चोळताना डाव्या बरगडीखाली हात अडला. कच्च्या पेरूसारखं काहीतरी कठीण. बेंबी अशी नसते, हे तिला तिथंच कळलं. आणि तरी तिनं अंगठा रोवून ते पुन्हा दाबलं, सरकतं का बघायला. तेजू किंचाळली. दुपारी पोरीला लाल लघवी झाली, तेव्हा भागाबाईच तिला कडेवर घेऊन बसकडं पळाली. मुलगा प्रवीण आणि प्रणिता मागून धावत आले.

आदिलाबादच्या डॉक्टरानं सोनोग्राफी केली. त्यानं हैदराबादला पाठवलं. तिथं स्कॅन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावून हिंदीत सांगितलं की मूत्रपिंडावर गाठ आहे, बहुतेक कर्करोगाची. ती आपल्या आवरणात आहे की फुटली, यावर पुढचं सगळं. फुटली तर रोग पोटभर पसरतो. कोणी पोट दाबलं, चोळलं होतं का?

प्रवीण घाईघाईनं नाही म्हणाला. आईला सांभाळून घेत होता बिचारा. गप्प बसणं किती सोपं होतं!

"मी चोळलं," भागाबाई म्हणाली. "गाठ हाताला लागली, तरी दाबली."

प्रणितानं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पुन्हा उघडला, आणखी एका डॉक्टरांना बोलावलं आणि या तिघांना बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर सून एका टोकाला, सासू दुसऱ्या टोकाला. मधे तेजू झोपलेली. भागाबाईला आपले हात नकोसे झाले होते.

आवरण शाबूत होतं. भागाबाई ढसाढसा रडली. पण सुटका झाली नव्हती. सुईनं काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कर्करोगच निघाला, तोही दुर्मिळ आणि झपाट्यानं वाढणारा. आधी औषधांनी गाठ आकसवायची, मग ऑपरेशन. तोवर पोट कोणी दाबायचं नाही, चोळायचं नाही.

प्रणिताचा अबोला सुटला नव्हता. औषधं आणायला निघताना ती वॉर्डाच्या दारात घुटमळली.

"तुमीच बसा तिच्यापाशी," ती म्हणाली.

थोड्या वेळानं तेजूचं पोट दुखू लागलं. तिनं आजीचा हात धरून आपल्या पोटाकडं ओढला. भागाबाईनं तो सोडवून घेतला आणि पदराखाली धरून ठेवला.

"आजी, तू सगळ्याइचं पोट चोळतं," तेजू रडत म्हणाली, "माहंच काऊन नाई चोळत?"