आळीतली उरलेली ट्यूब

धार काढताना मी डोकं गायीच्या कुशीला टेकवते. डोळे आपोआप मिटतात. आत काहीतरी सावकाश वाहत असतं. तळेघरला, माझ्या माहेरी, भाताच्या खाचरांतून पाणी खाली उतरतं, तसाच तो आवाज. लग्न होऊन निरगुडसरला आले तेव्हा मला कुणाशी बोलायला जमत नव्हतं. सासूबाईंनी तांबड्या जरशीचा कासरा माझ्या हातात दिला आणि मी दिवसचे दिवस तिच्याजवळ काढले.

एका सकाळी तिच्या मागच्या डाव्या सडातून दुधाऐवजी पिवळट पाणी आलं. त्यात दह्यासारख्या गाठी होत्या आणि कास दगडासारखी घट्ट. आमच्याकडे या दुखण्याला दगडीच म्हणतात.

आमच्या आळीत दगडीची ट्यूब विरजणासारखी फिरायची. गुरांचे डॉक्टर सडात सोडायला औषधाच्या चार ट्यूबा देत. दूध पांढरं दिसू लागलं की बायका औषध थांबवत आणि उरलेली ट्यूब कोनाड्यात जपून ठेवत. शेजारणीची गाय आजारली की पदराखाली झाकून नेऊन देत. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही, तसं ट्यूबेलाही म्हणत नसत. त्यात मायाच होती.

आम्हाला ती शेजारच्या जाऊबाईंकडून मिळाली. दूध पांढरं झालं, आम्ही थांबलो. थोड्याच दिवसांत गाठी परत आल्या. मग दुसऱ्या घरची ट्यूब आणली, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी दूध नितळायचं आणि पुन्हा नासायचं. मागचा उजवा सडही गरम लागू लागला. जेवताना हे सासूबाईंना म्हणाले की बाजाराच्या दिवशी व्यापारी येतोय, गाय देऊन टाकू. मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी करपली.

व्यापारी यायच्या आधी डॉक्टर आले. उजवा सड तापला तेव्हा त्यांनी येऊन बाटलीत थोडं दूध नेलं होतं आणि तपासायला पाठवलं होतं. ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की आळीतलं औषध आता या जंतूंवर चालत नाही. अर्धवट औषधात जे मेले नाहीत तेच वाढत गेले.

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी आमीच पोसलं व्हय त्यांना?"

"एकट्या तुमीच नाय मावशी, सगळ्या आळीनं पोसलं," डॉक्टर हसले.

दुसरं एक इंजेक्शन चालेल, पण दूध पांढरं झालं तरी ते पुरं द्यायचं आणि दुधात औषध उतरतं म्हणून डॉक्टर सांगतील तोवरचं दूध ओतून टाकायचं, असं ते म्हणाले. डावा सड मात्र गेलाच. दूध ओतायचं म्हटल्यावर सासूबाईंनी कान झाकून घेतले. यांनी व्यापाऱ्याचं नाव काढलं.

मी दारामागून म्हणाले, "सुया पुऱ्या होऊस्तोर मी गाय सोडायची न्हाई. दूध मी वतीन."

सगळे दाराकडे बघू लागले. "बोलती की ही," हे म्हणाले. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याला त्यांनी बांधावरूनच परत पाठवलं.

मग रोज पहाटे मी परसातल्या खड्ड्यात दूध ओतायचे. धुकं असायचं. खाली दूध, वर धुकं, मधे मी. जमीन कुठे संपते ते कळत नसे. दूध मातीत मुरेपर्यंत मी तिथेच उभी राहायचे. सासूबाई त्या वेळी परसात यायच्या नाहीत.

गाय राहिली, तीन सडांची. कोनाडा रिकामा झाला. पुढे एक शेजारीण ट्यूब मागायला आली तेव्हा सासूबाई तिला म्हणाल्या, "डॉक्टरला बोलव, बाई." पण तिला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी वाटीभर विरजण दिलं.

धारेला बसले की माझा हात अजून त्या सुकलेल्या सडाकडे जातो. तो मऊ आहे, थंड आहे. गाय पाय हलवत नाही. मी डोकं टेकवते आणि आतलं पाणी ऐकत राहते.