परवाना दादाच्या नावाचा

आमच्या घरी लाईटचं मीटर दादाच्या नावावर, गॅस दादाच्या नावावर, नळही त्याच्याच नावावर. त्यामुळं घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा नाव कुणाचं टाकायचं, हा प्रश्नच कुणाला पडला नाही. उमरग्यात हायवेला लागून आमचं ऑफिस आहे. दादा बांधकामाची कंत्राटं घेतो, नकाशे मी काढते. दादाला त्या सॉफ्टवेअरमध्ये साधी रेघ ओढता येत नाही.

हे सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालतं, फायलीही तिकडं कंपनीकडंच राहतात. पैसे कॉम्प्युटरमागं नाही, माणसामागं भरायचे. त्या माणसानं कुठल्याही कॉम्प्युटरवर बसावं, पण बसावं त्यानंच. आमचा तो माणूस जळकोटला स्लॅबवर उभा. मी सकाळी लॉगिन केलं की कोड त्याच्या फोनवर जाणार आणि त्याला फोन बघायला सवड नसणार. कसाबसा कोड मिळून काम रंगात आलं, की हा तिकडं घरमालकापुढं भाव खायला मोबाईलवर नकाशा उघडणार, आणि इथं मी बाहेर. एका नावानं दोघं शिरले की पहिल्याला सरळ हाकलतात.

"दादा, माझं काम बंद पडलं की रे," मी फोनवर ओरडायची.

"थांब जरा, पाव्हण्याला दाखवायलोय."

शेवटी वैतागून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "परवाना ज्यांच्या नावावर आहे, ते आपणच का?" मी नाही म्हटलं. "मग त्यांनाच बोलायला सांगा ना, मॅडम." नकाशे सगळे माझे आणि बोलायचा हक्क दादाचा! अंगाचा तिळपापड झाला.

दादाशी भांडून मी दुसरा परवाना घेतला, माझ्या नावानं, माझ्या मेलवर. "एका घरात दोन कशाला लागतेत?" तो म्हणाला. पहिल्यांदा कोड माझ्याच फोनवर आला, तेव्हा एकटीच हसले.

त्याच दिवशी उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर आले. त्यांच्या घराचा नकाशा मीच काढलेला. आता त्यांना जिना बाहेरून हवा होता. फाईल उघडली तर पडद्यावर आलं, तुम्ही ही फक्त पाहू शकता, बदल करायचा तर फाईलच्या मालकाची परवानगी मागा. नकाशा काढणारा म्हणून खाली दादाचं नाव. दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. सगळीकडं दादाच.

परवानगी मागायचं बटण दाबलं, दुसरं करणार काय? या वेळी मात्र दादाचा लगेच फोन आला.

"कुणीतरी परवानगी मागायलंय बघ, नाव तुझंच दिसायलंय. आगं, परवानगी कशाला? माझ्याच नावानं उघड की पहिल्यासारखं. सगळं त्यातच हाय."

खरंच सगळं त्यातच होतं. इतक्या वर्षांचं माझं सगळं काम. तो इतक्या साधेपणानं बोलला की भांडायला काही सापडेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

"नको," म्हणून मी फोन ठेवला आणि कोरी फाईल उघडली. प्लॉटची हद्द आखली, पहिली भिंत ओढली.

सर चष्मा सावरत पडद्याकडं बघत होते. "बेटा, जिना तेवढाच सरकवायचा होता."

"बसा सर," मी म्हटलं, "घरच पुन्हा काढते."