नीलगिरीची वाकडी फळी

आमच्या व्हरांड्याच्या स्लॅबला दोन लोखंडी कड्या आहेत. स्लॅब ओतत होते तेव्हा आईने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून त्या टाकून घेतल्या, झोपाळ्यासाठी. झोपाळा काही आला नाही. वडील आधी म्हणायचे, विहीर होऊ दे. मग म्हणायला लागले, पोरीचं शिक्षण होऊ दे. ती पोरगी म्हणजे मी. माझं शिक्षण झालं, भोरच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायलाही लागले, तरी कड्यांना आपले ओले टॉवेलच लोंबत होते.

मग परसातली नीलगिरी घरावर कलायला लागली. ती तोडायची ठरली त्याच संध्याकाळी आईने जाहीर केलं, "ह्याच झाडाची फळी झोपाळ्याला. तुमी नुसतं रोप लावलं, पाणी म्या घातलंया."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. मी म्हटलं, "आई, नीलगिरीची फळी सरळ निघत नाही. उभ्या झाडात ताण असतो."

"झाडाला कसला ताण?" वडील म्हणाले. "त्याला काय सासू हाय?"

"सासू न्हाई," आई म्हणाली, "पर तुमी हायसा की रोज समोर."

मी चिडून बाजेचं उदाहरण दिलं. बाज विणताना नवार ओढून बसवतात. नवार ताणलेली राहते आणि चौकट दाबलेली. झाडाचंही तसंच. खोडावर बाहेरून लाकडाचा नवा थर चढतो. तो तयार होता होता लांबीत आकसायला बघतो, पण आतलं जुनं लाकूड त्याला आकसू देत नाही. म्हणून बाहेरचं लाकूड ताणलेलं, आतलं दाबलेलं. त्यात झाड कललेलं असलं तर वरच्या अंगाला ते आणखी जोर लावून स्वतःला ओढून धरतं. उभं आहे तोवर सगळं तोलून असतं. कापलं की जो तो थर मोकळा होतो आणि फळी वाकते.

"मास्तरीणबाई," वडील म्हणाले, "हे पोरांना शिकवा. आमी फळी आणतो."

झाड पडलं. बुंध्याचा तुकडा केला तशी टोकाला मधोमध फाटत गेलेला तडा माझ्यासमोर उमटला. मी वडलांकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पिकअपमधून ओंडका नसरापूरला सॉ मिलवर गेला, मागोमाग आम्ही दोघं स्कूटरवर. ओंडका मधोमध चिरला गेला आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांकडे पाठ फिरवावी तशी बाहेरच्या बाजूला वाकली. वडील मिलवाल्यावर ओरडले, "तुमचं पातं वाकडं हाय!" त्याने शांतपणे आदल्या गिऱ्हाइकाच्या सागाच्या फळ्या दाखवल्या. सगळ्या सुतासारख्या सरळ. आमच्या अर्धुकातून निघालेली फळी मात्र धनुष्यासारखी वाकडी. मला इतका आनंद झाला की तो लपवणं अवघड गेलं.

आनंद घरी पोचेपर्यंतच टिकला. आईने फळी पाहिली आणि ती सरळ चुलीकडे वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. वडलांनी फळी विटांवर उपडी घातली, मधल्या फुगवट्यावर इंद्रायणी भाताची पोती रचली, शिवाय स्वतः वर बसून पेपर वाचला. सुगी सरली, पोती काढली, आणि फळी सावकाश पुन्हा होती तशी झाली. हट्टीपणात ती आमच्याच घरातली शोभत होती.

"टाक बंबात," वडील मला म्हणाले. "पुण्यासनं तयार झोपाळा आणू, स्टीलचा."

"फळीला हात लावाल तर बगा," आई म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर तिने वडलांशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण निरोप माझ्यामार्फत. "त्यास्नी इचार, भात पायजे का." मी दोघांच्या मधे बसलेली, आणि ते माझ्या दोन्ही बाजूंना. खरं सांगते, मला दोघांचाही राग यायचा.

शेवटी एका रविवारी वडलांनी वेल्ह्याच्या बाजारातून साखळ्या आणल्या. कुणाला न विचारता फळीला रंधा मारला, पॉलिश केलं आणि खोलगट बाजू वर ठेवून झोपाळा टांगला. आई बाहेर आली, हात पुसले, एका टोकाला बसली. वडील बराच वेळ उभे राहिले. मग दुसऱ्या टोकाला बसले, तोंड अंगणाकडे करून.

झोपाळा हलला आणि दोघंही घसरत मधे आले. खांद्याला खांदा लागला.

"सरका तिकडं," आई म्हणाली. इतक्या दिवसांनी थेट त्यांच्याशी.

वडील सरकले आणि पुन्हा घसरून तिथेच आले. "आता म्या काय करू? फळीच अशी हाय."

मी हसून लोटपोट. वडीलही हसले. म्हणाले, "लई वर्सं झोपाळा झोपाळा केलास. आता आरामात एकटी बस, म्या उठतो."

"एकटीला बसायला पाट हाय की घरात," आई म्हणाली. "त्यासाठी कशाला कड्या टाकून घेतल्या असत्या म्या?"

वडील उठले नाहीत. त्यांनी पायाने जमिनीला हळूच रेटा दिला.