भटक्यांच्या कादंबरीतल्या रेघा

आता फजिती सांगायचीच तर स्वतःची सांगावी. दुसऱ्याची सांगितली की तो मध्येच तपशील दुरुस्त करत बसतो!

मी तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. वर्गात मुलं दोन, त्यातला एक हजेरीपुरता. नसीमाआपा आमच्याच कॉलेजातून फारसी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी इराणातल्या भटक्या मेंढपाळांवरची एक फारसी कादंबरी मराठीत आणली होती. हस्तलिखिताचा गठ्ठा माझ्या हाती देत म्हणाल्या, "सर, जरा नीट पाहा." आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे सोलापूरला गेल्या.

वाचायला बसलो आणि थक्क झालो. वाक्याच्या मध्येच लांब रेघ! ‘संध्याकाळी तिनं ———— पसरली आणि मेंढरं आत घेतली.’ काय पसरली? लेखक सांगतच नाही!

दुसरा कुणी म्हणाला असता, शब्द राहिलाय. पण मी पडलो शिकलेला! मला लगेच दिसलं, की ज्याला घर नाही त्याच्या आयुष्याच्या मधोमध एक पोकळी असते. आधुनिक तत्त्वज्ञान ज्यासाठी पाचशे पानं खर्ची घालतं, ते या पठ्ठ्यानं एका रेघेत सांगितलं! शेवटच्या प्रकरणांत तर पानाला सात-सात रेघा. माणूस शून्यात विरघळत चाललाय, आणखी काय पुरावा हवा? प्रस्तावना आपणच लिहायची, हेही मी मनाशी ठरवून टाकलं.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाचक मंडळात व्याख्यान ठेवलं. विषय, ‘रिक्ततेचं भटकेपण’. आदल्याच दिवशी परतलेल्या आपा काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत.

तासभर बोललो. "ती स्त्री काय पसरते? शून्य पसरते! आणि मेंढरं कुठे जातात? शून्यात!" टाळ्या पडल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक डोळे मिटून मान डोलावत होते. (झोपले होते, हे नंतर कळलं.)

मग आपा उठल्या. "सर, फार सुंदर बोललात. फक्त ते शून्य माझं आहे."

"म्हणजे?"

"अहो, फारसीत तिथे साधा शब्द आहे. त्याला मराठीत काय म्हणतात ते मला सुचेना, म्हणून रेघ मारून जागा सोडली."

"आणि शेवटची प्रकरणं?" माझा आवाज एव्हाना बारीक झाला होता.

"ऑपरेशनची तारीख आली. घाईत जास्त जागा सुटल्या. चिठ्ठीत लिहिलं होतं ना सगळं? पहिल्या पानाला टाचली होती."

चिठ्ठी? मी हातातला कागद उलटला. तासभर ज्यावरचे मुद्दे बघून बोलत होतो, त्याच्याच पाठीवर आपांचं टपोरं अक्षर: ‘रेघांच्या जागी योग्य शब्द सुचवावेत.’ मला वाटलं होतं, आभारबिभार मानले असतील! एका बाजूनं कोराच दिसला म्हणून मुद्दे लिहायला घेतला.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय पसरली म्हनता, बाई?"

मंडळाचा चहा करणाऱ्या ठकूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. माहेर धनगरांचं, लहानपण मेंढरांमागे गेलेलं.

"दोरीची जाळी," आपा म्हणाल्या. "खुंट्यांवर उभी करतात आणि आत मेंढ्या कोंडतात, ती."

"मग वाघर म्हना की! आमी रोज लावायचो. आन् वाघर पसरत न्हाईत, लावत्यात."

आपांनी पिशवीतून पेन काढलं. ठकूबाईंना शेजारी खुर्ची दिली. बघता बघता सगळ्या मंडळानं माझ्याकडे पाठ करून खुर्च्या त्यांच्याकडे वळवल्या. एकेक रेघ भरत गेली. मुख्याध्यापकसुद्धा जागे झाले!

आता चहा कोण देणार? मी दिला. अध्यक्ष एक घोट घेऊन म्हणाले, "सर, साखर कमी आहे."

पुढे पुस्तक निघालं. उत्सुकतेनं ऋणनिर्देशाचं पान उघडलं. आपांनी लिहिलं होतं, ‘अडलेले सगळे शब्द ठकूबाईंनी दिले. हस्तलिखित न हरवल्याबद्दल सरांचे आभार.’